न पाहिलेला सराव

चौतीस वर्षं मी न झालेल्या सामन्यांबद्दल लिहिलं. झालेल्यांबद्दलही लिहिलं, पण त्यात काय विशेष? गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, शिट्टी वाजली, संपलं. माझं खरं काम जुलैत असे. ऑगस्टमध्ये शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू होत, आणि त्याआधीच्या एका रविवारी आमच्या दैनिकाच्या क्रीडा पानावर माझा लेख येई : यंदा कोणत्या शाळेकडून काय अपेक्षा ठेवाव्यात. कुणाचा बचाव भक्कम, कुणाचा गोलरक्षक कच्चा, कोणत्या मुलावर लक्ष ठेवावं. सदाशिव पेठेतले माझे शेजारी विचारत, "फुटबॉल? पुण्यात?" मी म्हणायचे, "पेठा ओलांडून कधी खडकीला किंवा कॅम्पात गेलात तर दिसेल." त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

हा लेख कसा लिहितात, ते बाहेरच्याला सांगायला हवं. शाळा स्पर्धेचे अर्ज एप्रिलमध्येच भरून ठेवतात, वार्षिक परीक्षा होऊन मुलं पांगण्याआधी. अर्जावर अठरा नावं, अठरा फोटो. जून उजाडला की मी शाळाशाळांतून फिरायला लागायचे. क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यावर जायचं नाही, हा पहिला नियम. ज्याचा संघ चांगला तो म्हणणार, "यंदा काही खरं नाही हो मॅडम, सगळी नवीन पोरं." ज्याचा संघ रडका तो म्हणणार, "यंदा बघाच!" मंडईतला भाजीवाला निदान वांगं हातात घेऊन बघू देतो; ही मंडळी पोरगंही नीट दाखवत नाहीत. म्हणून मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभं राहायचं आणि पोरांचे पाय बघायचे. सर ओरडत नसतानाही कोण पळतोय, ते बघायचं. एवढं केलं की लेखाची निम्मी भाकितं खरी ठरत, आणि उरलेली लोक विसरून जात.

गिऱ्हाइकंही एकेक भेटत. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका वडिलांनी मला त्यांच्या चिरंजीवांच्या वेगाचा तक्ता पाठवला होता, रंगीत. वर फोन. "मॅडम, ॲक्चुअली त्याचा टॉप स्पीड मेन्शन केलात तर त्याला खूप बूस्ट मिळेल." मी म्हटलं, "अहो, तो चेंडूच्या दिशेने पळतो का, तेवढं सांगा." त्यांनी फोन ठेवला. मुलगा खरंच वेगवान होता, पण त्या वर्षी तो एकही सामना खेळला नाही, कारण दहावी.

दहावी हे माझ्या लेखाचं मोठं दुखणं. जुलैत ज्याचं नाव मी कौतुकाने लिहावं, तो ऑगस्टमध्ये मैदानावर नसे. बूट माळ्यावर आणि पोरगं क्लासला. छापलेली नावं तेवढी राहत. एकदा कात्रणांची जुनी वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की यातल्या कितीतरी मुलांची नावं मी लिहिली आणि त्यानंतर ती पुन्हा कुठे दिसलीच नाहीत. दुपारची वेळ होती, कचेरीत वर्दळ होती, तरी अंगावर शहारा आला. मी वही मिटून कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकली आणि चहा मागवला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या तीन हंगामांत, स्वतःच्या डोळ्यांनी सराव पाहिल्याशिवाय मी एकाही शाळेबद्दल ओळ लिहिली नाही. सहकारी मला हसायचे. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगते.

त्या तीन हंगामांच्या आधीच्या जुलैत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि माझा गुडघा सुजला होता. बहुतेक शाळा पाहून झाल्या होत्या, खडकीची एक राहिली होती. ना फार चांगला, ना वाईट असा संघ. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधली मुलं तिथे जास्त. शुक्रवारी संध्याकाळी लेख द्यायचा होता. मी जागेवरून शाळेत फोन लावला. जुने क्रीडाशिक्षक निवृत्त झाले होते आणि जूनमध्ये कंत्राटावर एक नवीन मॅडम आल्या होत्या. बिचाऱ्या घाबरलेल्या वाटल्या. मी म्हटलं, "नुसती नावं वाचा." त्यांनी फाइलमधला एप्रिलचा अर्ज काढून नावं वाचून दाखवली.

त्यात ओंकार भालेराव हे नाव आलं आणि मला बरं वाटलं. तो पोरगा मला आठवत होता. आदल्या हंगामात उपांत्य सामना हरल्यावर तो चिखलाने माखलेला माझ्याकडे आला आणि म्हणाला होता, "मॅडम, या वर्षी नाव नाही आलं माझं. पुढच्या वर्षी लिहाल?" मी सहज म्हटलं होतं, "लिहीन की." म्हणून मी लिहिलं. नाव लिहिलं तर दोन ओळी जास्त हव्यात. आम्हा लोकांकडे अशा ओळी तयारच असतात. कुठल्याही मुलाबद्दल लिहावं की त्याने सुट्टीत कच्च्या, म्हणजे सवयीच्या नसलेल्या पायावर मेहनत घेतली; कुणी तपासायला येत नाही. मी लिहिलं : 'ओंकार भालेरावकडे यंदा साऱ्यांचे लक्ष राहील. सकाळी साडेसहाला शाळेमागच्या भिंतीवर तो एकटाच चेंडू मारताना दिसतो, आणि तोही डाव्या पायाने.' भिंत प्रत्येक शाळेला असते. वाक्य छान झालं असं मला वाटलं, आणि मी रिक्षाने घरी गेले.

रविवारी लेख छापून आला. सोमवारी दुपारी एक बाई कचेरीत मला भेटायला आल्या. चाळिशीच्या, साधी सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं आमचं क्रीडा पान. "मी ओंकार भालेरावची आई," त्या म्हणाल्या. बोलण्यात नागपूरकडचा हेल. घरचे लोक असे येतातच, जास्तीचे अंक मागायला. मी खुर्ची दिली.

त्यांनी अंक मागितले नाहीत. "मॅडम, तुम्ही कोणत्या दिवशी पाहिलं त्याले?"

आता, या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी उभी हयात गेली होती. जीभ अडखळली नाही. "मागच्याच आठवड्यात. बुधवारी असेल."

"कसा दिसत होता?"

"छान. जरा बारीक झालाय."

त्यांनी मान डोलावली. "हो न. तापात उतरला होता तो खूप." मग त्यांनी पिशवीतलं पान काढून टेबलावर उघडलं. "डाव्याच पायानं मारत होता?"

"डाव्याच."

त्यांनी पान पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवलं. उठताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. हात थंडगार होते, पावसातून आल्या होत्या. त्या गेल्यावर काहीतरी चुकलंय असं वाटत राहिलं. काय चुकलं ते कळेना. बाई आपल्याच मुलाबद्दल मला का विचारत होती? तो रोज घरी जेवायला बसत असेलच ना? मी शाळेत फोन लावला आणि नवीन मॅडमना सरळ विचारलं, की हा ओंकार सरावाला येतो का. त्या म्हणाल्या, "सॉरी मॅडम, मी नवीन आहे ना... मलाही आत्ताच, तुमचा लेख आल्यावर, बाकीच्या मुलांनी सांगितलं. तो मे महिन्यात गेला. ताप डोक्यात गेला म्हणे. तीन दिवसांत."

अर्जावरचं नाव कुणी खोडलं नव्हतं. कुणी खोडत नाही. पहिल्या सामन्याच्या सकाळी पंचांसमोर फोटो ताडून पाहतात, तेव्हा कोण आहे, कोण नाही ते ठरतं. तोवर एप्रिलची यादी तशीच चालते. हे मला पाठ होतं. म्हणूनच तर मैदानावर जायचं असतं. मी गेले नव्हते, आणि त्या माउलीच्या डोळ्यांत बघून तिचा गेलेला मुलगा बुधवारी पाहिल्याचं सांगितलं होतं. त्या दिवशी मला माझी इतकी शरम वाटली, की मी कुणाशी न बोलता कचेरीतून निघाले.

बुधवारी वडील आले. भालेराव कारखान्यात होते. पाठीवर डब्याची पिशवी, थकलेला पण शांत माणूस. ते बसलेच नाहीत.

"मॅडम, माझी बदली झाली. भंडाऱ्याकडे, आमच्या भागात. मीच मागितली होती. एकतीस तारखेला क्वार्टर सोडाचं आहे. ती आधी तयार होती. सामान बांधलं होतं अर्धं. आता म्हणते, पोरगा इथं आहे, मी नाही येत." त्यांनी पाठीवरची पिशवी सावरली. "आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शाळेच्या मागंच उघडते. सकाळी तिले आवाज येते म्हणते, चेंडूचा. जूनपासून म्हणत होती. मी म्हटलं, दुःख आहे, भास होते माणसाले, जाईल. तर तुमचं छापून आलं. आता कोणाचंच ऐकून नाही राहिली. सांजच्याले कणीक मळत नाही. लहानी पाचवीत आहे माझी, ती एकटीच डबा भरून शाळेत जाऊन राहिली."

मी म्हटलं, "भालेराव, मी काही पाहिलं नव्हतं. मी जागेवर बसून लिहिलं. चूक माझी आहे."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मले माहीत आहे ते. पण तिच्यासाठी छापलेलं तेच खरं. म्हणून म्हणतो, दुरुस्ती छापा. पाहिलं नव्हतं असं छापा. आणि एकदा तिले तोंडानंही सांगा."

मी दोन्ही कबूल केलं. आधी ती भिंत स्वतः पाहायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहालाच घरून निघाले.

खडकी स्टेशनच्या बाजूला रिक्षा सोडली तेव्हा सव्वासहा झाले होते. पाऊस थांबला होता, पण उजेड नीट नव्हता. शाळेच्या फाटकाला कुलूप. रखवालदाराने ते उघडलं आणि सांगितलं, "मैदानाची पार वाट लागलीय बाई. आठ दिवस झाले, पोरांना आत सोडत नाय. किल्ली माझ्याकडंच असती. ती भालेरावांची बाई तेवढी मागच्या तारेतून येती. तिला काय बोलणार?" मी इमारतीला वळसा घालून मागे निघाले. आणि निम्म्या वाटेवर मला आवाज आला.

थप्. मग तेवढा वेळ, जेवढा चेंडू भिंतीवरून परत यायला लागतो. मग पुन्हा थप्.

हा आवाज मी हजारो वेळा ऐकला आहे. भिजलेला चेंडू आणि भिंत, दुसऱ्या कशाचा तो असूच शकत नाही. ठोका एकसारखा होता, घाई नसलेला, सराव करणाऱ्याचा. मला वाटलं, आलं असेल एखादं पोरगं तारेखालून. मी पावलं उचलली आणि कोपरा वळले. आवाज थांबला.

भिंतीसमोर ओंकारच्या आई उभ्या होत्या, मिटलेली छत्री हातात धरून. बाकी कुणी नाही. चेंडूही नाही. मैदान पलीकडच्या कुंपणापर्यंत मोकळं, पाण्याखाली गेलेलं. लपायला झुडूपसुद्धा नाही.

"थांबला," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी आलं की थांबते."

मी भिंत पाहिली. गुडघ्याच्या उंचीवर चिखलाचे गोल ठसे होते, एकमेकांवर पडलेले. रात्रभर पाऊस झाला होता. भिंतीवरून अजून पाणी ओघळत होतं आणि जुने ठसे त्यात धुऊन फिके झाले होते. एक मात्र काळा होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या खालच्या कडेने पाण्याची पहिली ओळ सुटली. मग, वर्षानुवर्षांची सवय म्हणून, मी पाय बघायला खाली पाहिलं. पाय नव्हते. भिंतीपासून दहाएक पावलांवर चिखलात एक खळगा होता, बुटाच्या आकाराचा, खोल. चेंडू मारताना माणूस दुसरा पाय रोवतो, त्याचा असा खळगा पडतो. तो उजव्या पायाचा होता. त्या जागेवरून कुणीतरी पुन्हा पुन्हा डाव्या पायाने चेंडू मारला होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरीही मी त्या खळग्यापासून दोन पावलं मागे सरले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, "ताई, मला माफ करा. मी त्याला पाहिलं नव्हतं. मी इथे आलेच नव्हते. मी ते मनाने लिहिलं, आणि तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं."

त्यांना धक्का बसला नाही. "मग डाव्या पायाचं कोणी सांगितलं तुम्हाले?"

"कुणीच नाही. आम्ही असंच लिहितो."

"त्याचा उजवा गुडघा दुखत होता एप्रिलपासून. सरांना कळलं तर संघातून काढतील म्हणून सांगू नको म्हणे. त्याच्या बाबांनाही नाही सांगितलं. डाव्यानं शिकतो म्हणे आई, सुट्टीत, कोणी नसते तेव्हा." त्या भिंतीकडे वळल्या. "मले एकटीले माहीत होतं ते. आणि तुम्ही छापलं."

त्या म्हणाल्या, "आमचे हे दुरुस्ती छापा म्हणतात. तुम्ही नका छापू, बाई. हंगाम संपेपर्यंत राहू द्या नाव. मग मी जाईन. मीच समजावीन त्याले."

मी परत फिरले. कोपऱ्यापर्यंत मी मागे पाहिलं नाही. आवाज पुन्हा सुरू होईल का, याकडे माझे कान होते, आणि तो होऊ नये म्हणून मी भरभर चालत होते. गुडघा दुखतोय हे फाटकाबाहेर आल्यावर कळलं.

दिवसभर मी चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. त्या पोरीचा, एकटीने डबा भरणाऱ्या पाचवीतल्या पोरीचा विचार मनातून जाईना. मेलेल्या मुलासाठी जिवंत मुलगी टाकायची का, असा हिशोबी विचार मी केला, आणि तो बरोबरच होता असं आजही वाटतं. शेवटी लिहिलं : 'रविवारच्या अंकात ओंकार भालेराव या खेळाडूचा उल्लेख आहे. ओंकारचे मे महिन्यात निधन झाले. त्याचा सराव आमच्या प्रतिनिधीने पाहिलेला नव्हता. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

संपादकांनी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे कशाला? नजरचूक म्हणा आणि सोडा. आपणच आपली अब्रू का काढून घ्यायची?"

मी म्हटलं, "ते वाक्य गेलं तर छापूच नका."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि मजकूर तसाच ठेवला. वाक्य खरं होतं. मी सराव पाहिला नव्हता. ऐकला होता, पण ते विचारणारं कुणी नव्हतं. शनिवारच्या अंकात, क्रीडा पानाच्या तळाशी, चौकटीत ते छापून आलं.

शनिवारी सकाळी सात वाजून गेले असतील. मी चहा गाळत होते. फोनवर अनोळखी नंबर होता.

"मी ओंकारची आई."

"बोला ताई."

"छापलं तुम्ही."

"हो," मी म्हटलं. "छापलं."

मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी भांडी कागदात गुंडाळत होतं. लहान मुलीचा आवाज आला, आई, हे कुठे ठेवू? त्यांनी तिला काहीतरी सांगितलं, अगदी नेहमीच्या आवाजात. मला हायसं वाटलं. चला, निघाल्या. एवढ्यासाठीच तर केलं होतं. मी म्हणाले, "ताई, तुमच्यावर मी फार मोठा अन्याय केला. पण आता सगळं नीट होईल बघा."

मागचा भांड्यांचा आवाज दूर गेला.

"आज नाही आला तो," त्या म्हणाल्या. "मी सहापासून खिडकीत होते. सात वाजेपर्यंत वाट पाहिली."

हातातल्या गाळण्यातून चहा ओट्यावर ठिबकत होता.

"तुम्हाले बोल नाही लावत मी," त्या म्हणाल्या. "पण घरी पेपर आला की खेळाचं पान पहिले तोच वाचे न, बाई. आजही वाचलं असेल त्यानं."